पाहुण्याचे चार टेक

“अहो, पळतोय, पण हसत पळतोय!” डायरेक्टर माझ्यावर ओरडला. जणू त्या कुत्र्याला विनोद मीच सांगितला होता.

धरणाच्या कडेच्या जुन्या रस्त्यावर मास्तरांचा कुत्रा मधोमध उभा होता. जीभ बाहेर, शेपूट गरागरा फिरतंय. मास्तर म्हणजे सिनेमासाठी कुत्रे शिकवणारे. माणूस सरळ, कामाला चोख. गाडी सुटली की कुत्र्याने मागे धावायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं आणि कुत्रा धावला होता. मास्तर शाबासकीच्या आशेने उभे होते.

“सर, अजून जोरात पळवू का?”

“मास्तर, याला मालक टाकून चाललाय! हा सहलीला निघाल्यासारखा काय पळतोय?”

मास्तरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “सर, याला आजवर कुणी टाकलंच नाही. त्याला काय माहीत?”

कॅमेरामन फस्सकन हसला. डायरेक्टर हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. या धंद्यात काहीही अडलं की सगळे माझ्याकडेच पाहतात.

मी निर्मिती व्यवस्थापक. नाव भारदस्त आहे, काम विचारू नका. गाड्या, परवानग्या, छत्र्या, चहा, जनावरांचे डॉक्टर आणि शिव्या. पहिल्या पाच गोष्टी आणायच्या आणि सहावी खायची. सव्वीस वर्षं हेच करतोय. कुणी काही मागितलं की माझ्या तोंडून आधी ‘होईल की’ निघतं, ते कसं होणार याचा विचार नंतर. युनिटमध्ये मला ‘होईल-की’ म्हणूनच हाक मारतात. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

ते काम होतं एका कंपनीचं. डोंगरात चालायचे बूट, पाठीवरच्या पिशव्या, रेनकोट, तंबू असलं बनवणारी कंपनी. त्यांना सहा छोट्या फिल्म हव्या होत्या. प्रत्येकीत एक टाकून दिलेला कुत्रा आणि त्याला घरी आणणारं माणूस, दोघं उघड्यावर भटकताना. कुणी नदीकाठी, कुणी जंगलात. आणि माणसाच्या पायात अर्थातच कंपनीचे बूट. “बूट दिसले पाहिजेत, पण दाखवल्यासारखे वाटायला नकोत,” असं कंपनीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तीन फिल्म झाल्या होत्या. ही चौथी.

चौथीतली माणसं मीच शोधली होती. माझ्या चष्म्याची काडी मोडली म्हणून एका दुकानात गेलो. मालक शटर ओढायच्या तयारीत होता. आत काच घासायच्या मशीनवर एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, बोटांना पांढरी पूड लागलेली. मी नुसतं “उद्या येऊ का?” म्हटलं, तर त्या उठलेल्या पुन्हा खाली बसल्या. “द्या इकडे. चष्म्याशिवाय घरी कसे जाल?” त्यांच्या पायाशी मशीनखाली एक पिवळसर कुत्रा झोपला होता. एक कान फाटका.

“याचं नाव पाहुणा,” काडी बसवता बसवता त्यांनी सांगितलं. “चार वर्षांपूर्वी हमरस्त्यावर पेट्रोलपंपापाशी याला कुणी गाडीतून उतरवलं आणि गेले. पंपावरची माणसं सांगत होती, तीन आठवडे येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे धावत होता. मी तिथे बसची वाट बघत होते. म्हटलं, नेऊ दोन दिवस पाहुणा म्हणून. आता मीच त्याची पाहुणी झालेय. खाटेवर तो झोपतो, मी कडेला.”

लग्न राहून गेलं होतं. एक धाकटी बहीण, ती दूरच्या गावी. आठवडाभर काचा घासायच्या आणि रविवारी पाहुण्याला घेऊन गावामागच्या टेकडीवर जायचं. आयुष्यात याहून जास्त काही नव्हतं आणि कमी आहे असं त्यांना वाटतही नव्हतं. मी मनात म्हटलं, सापडली आपली चौथी फिल्म. आणि आणखी एक गोष्ट मी तिथेच हेरली होती. आमच्या धंद्यात माणूस ओळखावा लागतो म्हणतात ना, त्याचा खरा अर्थ एवढाच, की ‘नाही’ न म्हणणारं माणूस ओळखावं लागतं. बंद होत आलेल्या दुकानात ज्या बाई पुन्हा मशीनवर बसल्या, त्या ‘नाही’ म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दोन दिवस टेकडीवर शूटिंग झालं. फार गोड झालं. बाई पुढे, पाहुणा मागे. मग पाहुणा पुढे, बाई मागे. वर पोचल्यावर दोघांनी मिळून एक पाव खाल्ला, त्यातला मोठा तुकडा पाहुण्याचा. मॅडमनी ते सगळं बघितलं आणि म्हणाल्या, “छान आहे. पण यात होतं काय? त्याला टाकलेलं दिसलंच नाही, तर हिने उचललं हे लोकांना कळणार कसं?”

म्हणून तिसऱ्या दिवशी टाकण्याचा सीन. म्हणून मास्तर आले, त्यांचा पिवळा कुत्रा आला, त्याच्या कानाला रंग लावून तो फाटका दाखवायचं ठरलं. रस्ता पाच वाजेपर्यंतच बंद ठेवायची परवानगी होती. साडेतीन वाजले होते आणि कुत्रा हसत पळत होता.

बाई कडेला झाडाखाली बसल्या होत्या. खरं तर त्या दिवशी त्यांचं काही काम नव्हतं. “बघायला येऊ का?” म्हणाल्या होत्या, मी आणलं होतं. पाहुणा त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून हा सगळा तमाशा बघत होता. आमचा चहावाला पुटपुटला, “भीक नको पण कुत्रं आवर!” सगळे हसले. आणि त्या हशात मी तोंड उघडलं. मला कुणी विचारलं नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगतो.

“बाईंनाच गाडीत बसवू या की,” मी म्हणालो. “पाहुणा त्यांच्यामागे पळेल. खरा पळेल.”

डायरेक्टर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “होईल-की, तुम्ही डायरेक्टर व्हायला हवं होतं राव!”

माझी छाती दोन बोटं फुगली. एवढ्यावर फुगली, काय सांगू.

बाईंना सांगायलाही मीच गेलो. मॅडमनी सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी विचार केला असता. मी शेजारी बसलो, पाहुण्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, “ताई, एक छोटंसं काम आहे.”

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं.

“त्याला काही वाटणार नाही ना, भाऊ?”

“अहो, कुत्राच तो! दोन मिनिटांत विसरेल. बिस्किट दिलं की झालं.”

“गाडी पांढरी आहे,” त्या म्हणाल्या.

“युनिटची आहे हो ती, ताई. दुसरी नाहीये आत्ता.” मग मी माझ्या ठेवणीतलं वाक्य काढलं. “ही फिल्म बघून एका जरी माणसाने आपला कुत्रा रस्त्यावर टाकला नाही ना, तर ते पुण्य पाहुण्याचंच.”

हे वाक्य खोटं नव्हतं. पण मी ते खरं आहे म्हणून बोललो नव्हतो, पाच वाजणार होते म्हणून बोललो होतो.

त्या उठल्या.

पहिल्या टेकला त्या मागच्या सीटवर आडव्या झाल्या, मागच्या काचेतून डोकं दिसू नये म्हणून. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. मास्तरांनी पाहुण्याला धरून ठेवलं होतं. गाडी सुटली, मास्तरांनी हात सोडला. मी आरशात बघत होतो. तो भुंकला नाही. कान मागे चिकटवून, पोट जमिनीला लागेल इतका खाली होऊन नुसता धावत सुटला. इतकं मुकाट धावणारं जनावर मी पाहिलं नव्हतं. गाडी थांबली तसं बाईंनी दार उघडलं आणि तो सरळ त्यांच्या अंगावर कोसळला. सगळं अंग लटलट कापत होतं. त्या त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून “आहे रे, आहे मी, येड्या” म्हणत हसत होत्या आणि रडत होत्या.

वॉकीटॉकीवर डायरेक्टरचा आवाज आला. “अप्रतिम! पण फ्रेममध्ये लाइटवाल्याची सावली आली. एक अजून. आणि होईल-की, मध्ये बाईंना त्याला कुरवाळू देऊ नका. एकदा समाधान झालं की पळणार नाही तो.”

हे आमच्या धंद्यातलं साधं शहाणपण आहे. लहान मूल असो, जनावर असो, टेक संपेपर्यंत हवं ते त्याच्या हाती लागू द्यायचं नाही. मी हे शंभर वेळा केलंय. चॉकलेट दाखवून, आईला पडद्यामागे उभं करून. त्यात काही वावगं आहे असं तोवर मनाला शिवलंही नव्हतं.

“ताई, या वेळी दार उघडू नका,” मी म्हणालो. “आपण वळून परत जागेवर जाऊ. मास्तर त्याला धरतील.”

दुसरा टेक. तो धावत आला, दाराशी पोचला, पंजांनी पत्रा खरवडायला लागला. बाईंनी काचेला हात लावला. मग न राहवून त्यांनी दार वीतभर उघडलं.

“ताई,” मी म्हणालो. फक्त एवढंच.

त्यांनी दार ओढून घेतलं.

तिसऱ्या टेकला फोकस हलला. बाई सीटवर आडव्या पडूनच होत्या, तोंड सीटच्या पाठीकडे. मी मागे वळून बघितलं नाही. चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझ्या डोक्यात फक्त पाच वाजत होते.

चौथ्या टेकला मास्तरांनी हात सोडला आणि पाहुणा जागचा हललाच नाही. मग दोन पावलं टाकली. मग रस्त्यातच बसला. आमची गाडी लांब जाताना त्याने काही वेळ बघितलं आणि मग मान फिरवली. नुसती मान नाही, सगळा वळला. गाडीकडे पाठ करून, धरणाच्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

डायरेक्टरने कट म्हटलं नाही. कॅमेरामनने श्वास रोखून तो शॉट चालू ठेवला. किती वेळ, मोजलं नाही. मग “कट!” आणि पाठोपाठ टाळ्या. सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं. मॅडम डोळे पुसत होत्या. मी गाडीतून उतरलो आणि मीही टाळ्या वाजवल्या. वाजवल्या, हे खरं आहे.

बाई धावल्या नाहीत. चालत गेल्या आणि त्याच्यासमोर रस्त्यात मांडी घालून बसल्या. हात पुढे केला. पाहुण्याने तो हुंगला, अनोळखी माणसाचा हुंगतात तसा, आणि दुसरीकडे बघायला लागला.

“दमलाय हो तो,” मी म्हणालो.

घरी सोडायला गाडी लावली तर तो गाडीत चढेना. उचलून घ्यायला गेलो तर अंग ताठ केलं. बाई म्हणाल्या, “राहू द्या भाऊ, आम्ही चालत जाऊ.” घर चांगलं दोन तासांच्या वाटेवर होतं. थोडं अंतर मी सोबत जायला हवं होतं. पण सामान आवरायचं होतं, रस्ता मोकळा करून द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, की एक खेप वाचली. ती दोघं रस्त्याने जाताना दिसत होती. त्या पुढे आणि तो बराच मागे.

शूटिंगनंतर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. “भाऊ, तो जेवत नाहीये.” मी युनिटच्या कुत्र्यांच्या डॉक्टरबाईंना पाठवलं. त्यांनी सगळं तपासून कळवलं, शरीराला काही झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. किल्ल्या वाजल्या की तो खाटेखाली जाऊन थरथरतो. मी म्हटलं, “होईल हो ठीक, वेळ द्या.” मग तिसरा फोन आला, चौथा आला. त्यानंतर मी उचललेच नाहीत. ‘मीटिंगमध्ये आहे’ असा तयार निरोप पाठवायचो. एकदा तर घरी सोफ्यावर पाय पसरून बसलो होतो आणि पाठवला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

फिल्म आली आणि जिकडेतिकडे तीच झाली. पहिल्या तिघींना कुणी विचारलं नाही, चौथी मात्र ज्याच्या त्याच्या फोनवर. माझ्या बायकोच्या फोनवरही तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने पाठवली. मी जेवत होतो. ती समोर बसून बघत होती आणि शेवटी पदराने डोळे पुसत मला म्हणाली, “अहो, ही तुमचीच ना? काय काम केलंय हो त्या कुत्र्याने! पाठ फिरवून बसतो ते. कसं शिकवलं त्याला?”

थाप मारायला हरकत नव्हती. मास्तरांचं नाव घेतलं असतं की भागलं असतं. पण का कोण जाणे, मी सगळं सांगितलं. गाडी, काच, दार, चार टेक, आणि कल्पना माझी होती तेही.

तिने फोन उपडा ठेवला.

“म्हणजे शिकवलं नाही तुम्ही. केलंत.”

“अगं, मला काय माहीत होतं...”

“त्या बाईंना ताई म्हणालात का?”

“म्हणालो.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाजी वाढली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडायला लागली की मी तोडीस तोड आहे. पण दोन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. कंपनीचा मोठा समारंभ, सहाही फिल्म दाखवणार. “आणि शेवटी स्टेजवर बाई आणि पाहुणा! लोक उभे राहतील. तुम्ही त्यांना घेऊन या.”

“होईल की,” मी म्हणालो. सवय, दुसरं काय.

रविवारी सकाळी गेलो. इमारतीचा तिसरा मजला, अरुंद जिना. वर पोचलो तर दार सताड उघडं, आणि दारातच, उंबऱ्यापाशी, एका छोट्या टेबलावर काच घासायचं मशीन मांडलेलं. बाई तिथे काम करत होत्या. मला बघून मशीन थांबवलं आणि जणू मी कालच येऊन गेल्यासारखं म्हणाल्या, “या भाऊ. जरा जपून, वायर आहे.”

“दुकान?”

“जात नाही आता. मालक चांगला आहे, काचा इकडे पाठवतो. दार लावलं की हा कासावीस होतो, म्हणून उघडं ठेवते. मी दिसत राहते ना त्याला.”

खाटेखालच्या अंधारात मला त्याचे डोळे दिसले. बाकी काही हललं नाही.

“टेकडीवर?”

“नाही हो. उंबऱ्याबाहेर येतच नाही तो. सकाळ-संध्याकाळ उचलून खाली नेते, तेवढंच.” त्यांनी बोटांवरची पूड पुसली. “बहिणीचं ऑपरेशन झालं गेल्या महिन्यात. फोनवरच बोललो आम्ही. ती म्हणाली, एका कुत्र्यासाठी तू सख्ख्या बहिणीला बघायला आली नाहीस. बरोबरच आहे तिचं.”

मी आमंत्रण द्यायला आलो होतो. ते कार्ड खिशातच राहिलं. वाटेत सगळं पाठ केलं होतं, ते कुठच्या कुठे गेलं आणि मी खालमानेने भडाभडा बोलत सुटलो. ताई, ती कल्पना डायरेक्टरची नव्हती, मॅडमचीही नव्हती, माझी होती. मला कुणी विचारलं नव्हतं. तुमचे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. मी फसवलं तुम्हाला.

बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हीची तयारी होती माझी.

“तुम्ही सांगितलंत, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण दार ओढून घेतलं ते मी. त्याने बघितलं ना मला. काचेतून माझ्याकडेच बघत होता तो. तुम्ही त्याचे कोण लागता? तुमच्याबद्दल त्याला काही वाटत नसणार.”

त्यांनी मला दोषातसुद्धा वाटा दिला नाही. मी उठलो, जिन्यात आलो आणि मॅडमना फोन लावला.

“नाही होणार,” मी म्हणालो.

“म्हणजे?” त्यांना वाटलं लाइन खराब आहे.

“ती दोघं येणार नाहीत. आणि मॅडम, तो चौथा शॉट काढून टाका. पाहुणा वळून बसतो तो. ते नाटक नाहीये.”

“अहो, त्या शॉटवरच तर सगळं उभं आहे!” मग म्हणाल्या, “बरं, ते मास्तर होते ना, त्यांचा कुत्रा दिसायला सारखाच आहे. कान रंगवला की झालं. स्टेजवर लांबून कुणाला काय कळतंय?”

“ते दुसऱ्या कुणाला सांगा,” मी म्हणालो. दुसऱ्या कुणी केलं. समारंभ छान झाला म्हणे. कुत्रा शेपूट हलवत होता, लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. कंपनीच्या पुढच्या कामाला मला बोलावणं आलं नाही. शॉट काढायचं डायरेक्टरलाही सांगून बघितलं. मला वेड लागलंय असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. चार महिन्यांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

डॉक्टरबाईंना मी पुन्हा गाठलं, या वेळी फोन करून नाही, स्वतः जाऊन. त्यांनी उपाय सांगितला. औषध नाही, गोळी नाही. बाईंनी घराबाहेर जायचं आणि लगेच परत यायचं. आधी एक जिना. जमलं की दोन. मग रस्ता, मग कोपरा. दिवसाला वीस वेळा, पंचवीस वेळा. परत आल्यावर लाड करायचे नाहीत, रडायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. जाणं आणि येणं ही अगदी साधी गोष्ट आहे, हे त्याला कळेपर्यंत. आणि घरात दुसरं कुणीतरी बसलेलं हवं, त्याने काही करायचं नाही, म्हणजे पाहुणा भिंतीवर डोकं आपटून घेणार नाही.

“किती दिवस?” मी विचारलं.

“एकदा टाकलेल्याला सहा महिने लागतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दोनदा टाकलेल्याचं मला माहीत नाही.”

तर आता रविवारी तो घरात बसणारा कुणीतरी मी असतो. दहा वाजता जातो. बायको डबा देते, कुठे जातोय ते विचारत नाही, पण डब्यात दोघांचं असतं. मी भिंतीला टेकून खाली बसतो, हात मांडीवर. त्याच्याकडे बघायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी समोरच्या कॅलेंडरकडे बघतो. बाई चपला घालतात, किल्ल्या उचलतात. खाटेखालून नखांचा आवाज येतो, मग जोरजोरात श्वास. बाई जातात. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येतात, एक मजला, दोन मजले, मग काही नाही. तो कण्हायला लागतो. बारीक, दात आवळून. सव्वीस वर्षं सगळ्यांची सगळी कामं करून दिली, पण तेवढ्या दोन मिनिटांत मी त्याच्यासाठी काहीही करू शकत नाही. मग पावलं परत वर येतात. मी दार उघडायला उठत नाही. ते त्यांनीच उघडायचं असतं.

काल सोळावा रविवार होता. बाई पहिल्यांदाच कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या, पाच मिनिटं लागली. मी कॅलेंडरवरचे आकडे खालून वर, वरून खाली वाचत होतो. तो कण्हत होता, मग थांबला. एवढा शांत झाला की मी घाबरलो. जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं. बाई आत आल्या, धाप लागलेली, हातात दुधाची पिशवी. आणि खाटेखालून एक पंजा बाहेर आला. फक्त पंजा. फरशीवर पुढे सरकला आणि तिथेच राहिला.

बाईंनी तो पाहिला. मीही पाहिला. त्यांचे ओठ हलले, पण आवाज त्यांनी येऊ दिला नाही. दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढल्याच नाहीत, आणि तशाच पुन्हा जिना उतरायला लागल्या.